पावलं मोजणारे सर

वऱ्हाडात भेटल्यावर माणूस "जेवले का?" असं विचारतो. उत्तरासाठी कुणी थांबत नाही. आमचे सर विचारायचे, "जेवले काहून?" म्हणजे कशासाठी, आणि उत्तरासाठी थांबायचे. समोरचा हसून पुढे निघाला तर त्याच्याबरोबर चार पावलं चालायचे. "भूक लागली म्हनून जेवलो," असं कुणी म्हटलं की मान हलवायचे. "ते पोटाचं झालं. पन ताटापाशी नेलं कोनं?"

मी त्यांची विद्यार्थिनी नव्हते, भाडेकरू होते. पशुधन पर्यवेक्षक म्हणून माझी पहिली नेमणूक अकोल्याजवळच्या गावात झाली, तेव्हा त्यांच्या अकोल्यातल्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत मी चार वर्षं राहिले. जनावरांचा आहार हा विषय आयुष्यभर शिकवून ते नुकतेच निवृत्त झाले होते. पत्नी वारली होती आणि मुलगी शिकायला बाहेरगावी होती. मला ते नावानं कधी हाक मारत नसत, "सुपरवायझर" म्हणत. मी त्यांना सर म्हणायची. अजूनही म्हणते.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या मुलीचा फोन आला. मी आता अमरावतीला असते. ती काही वर्षांपूर्वी वडिलांसाठी अकोल्याला परत आली आहे.

"ताई, बाबांनी जेवण सोडलं."

दारात आजारी जनावर आलं की मालकाला विचारायच्या प्रश्नांची माझ्याकडे एक यादी आहे. तेच प्रश्न मी त्याच क्रमानं तिला विचारले. किती दिवस झाले? ताप आहे का? पाणी पितात का? गिळता येतं का? पोट साफ होतं का? औषध बदललं का? सरांना चार वर्षांपासून कंपवात आहे, हे मला माहीत होतं. गोळ्या वेळेवर चालू होत्या आणि घसा ठीक होता. नवं काही दुखणं डॉक्टरांना सापडलं नव्हतं.

"चमच्यानं भरवलं की खायचे," ती म्हणाली. "चवीनं खायचे हो, ओठसुद्धा चाटायचे. पण समोरच्या ताटाला हात लावत नाहीत. आणि परवापासून चमचाही ढकलतात. डॉक्टर म्हणाले, आठ दिवसांनी वजन बघू. अजून उतरलं तर नाकातून नळी. बाबांना नळी नकोय, ताई. ते बोलत नाहीत, पण मला कळतं." मग म्हणाली, "तुम्ही ढोरांना खायला लावता ना?" असं बोलून गेल्याचं तिला लगेच वाईट वाटलं, हे तिच्या श्वासावरून समजलं.

"मी नाही," मी म्हटलं. "तुझ्या बाबांनी शिकवलं मला. परवा येते."

फोन ठेवला आणि कपाटातून जुन्या डायऱ्या काढल्या. मी डायरी टाकत नाही.

सरांच्या अंगणात चुन्याच्या चार रेघा होत्या. पहिली खुंट्यापासून एका पावलावर, मग तीन, सहा आणि दहा. पावलं सरांची नव्हेत, बकरीची. बकरीचं नाव मास्तरीण. दर रविवारी सर रेघा नव्यानं ओढायचे. मास्तरीण मोकळी बसलेली असायची. सर एखाद्या रेघेवर वाटी ठेवायचे, हातातल्या पत्र्याच्या डब्याचं झाकण दोनदा वाजवायचे आणि बघत उभे राहायचे. वाटीत कधी कुटार, म्हणजे सुका भुसा, कधी हरभरा, कधी गुळाचा खडा. कुटारासाठी मास्तरीण तीन पावलांच्या पुढे जात नसे. हरभऱ्यासाठी सहा जायची. गुळासाठी दहा, तेही पळत.

त्यांच्या वहीत तीन रकाने होते. पावलं किती, उठली का, आणि काहून. पहिले दोन रोज भरलेले असायचे. तिसरा कोराच. मला रिकामा रकाना बघवत नाही. मी एकदा विचारलं, "सर, भरत नाही तर ठेवता कशाला?"

"तिले विचारता येत नाई ना," सर म्हणाले. "आपल्या मनानं भरला तर खोटं होईल. जागा असू दे."

तेव्हा मी माझ्या डायरीत कोणत्या जनावराला किती चारा, किती ढेप म्हणजे सरकीची पेंड, किती पाणी हे अगदी नीट लिहायची. कौतुकाच्या अपेक्षेनं एकदा त्यांना दाखवली. सरांनी पानं उलटली. "तुयी यादी चांगली आहे, पन उलटी आहे. काय टाकलं ते लिवून राहिली. कोन उठलं ते कुठं लिवलं?"

त्या दिवसापासून माझ्या यादीत एक रकाना वाढला. नोकरीत मला जे काही नाव मिळालं ते त्या एका रकान्यामुळे.

सर सांगायचे ते मला पहिल्यांदा पटलं नव्हतं. खाण्याच्या मागे दोन वेगळ्या गोष्टी असतात, असं ते म्हणत. घास तोंडात गेल्यावर गोड लागतो ती आवड. घासापर्यंत नेते ती ओढ. आपल्याला दोन्ही एकच वाटतात, कारण बहुतेक वेळा दोन्ही बरोबर चालतात. पण मेंदूत त्यांची घरं वेगळी. मेंदूच्या तळाशी थोड्याशा पेशी असतात, त्या डोपामिन नावाचं रसायन सोडतात. पेपरात त्याला सुखाचं रसायन म्हणून छापून आलं की सर पेपर घडी करून बाजूला ठेवायचे. "सुखाचं नाई रे बाबा, ओढीचं." प्रयोगशाळेतल्या ज्या उंदरांच्या मेंदूतलं ते रसायन संपवलं, ते भरल्या ताटलीशेजारी उपाशी राहिले. आणि त्यांच्याच जिभेवर साखरेच्या पाण्याचा थेंब सोडला तर त्यांनी पहिल्यासारखेच ओठ चाटले. "म्हंजे समज," सर म्हणायचे, "गोड लागून राहिलं, पन जाववत नाई. याच्यापेक्षा मोठं उपाशीपन कोन्तं?"

आणि हे रसायन घास खाताना नव्हे, तर घासाची चाहूल लागताच उसळतं, असं सांगून ते डब्याचं झाकण वाजवायचे. मास्तरीण मान वर करायची. तिचे कान, नाक, पुढचे पाय, सगळं एका क्षणात जागं व्हायचं. मी हे शेकडो वेळा पाहिलं असेल. डोळ्यांना न दिसणारं काहीतरी त्या हाडामांसाच्या गाठोड्याला उचलून उभं करतं, हे पाहून दरवेळी माझ्या अंगावर काटा यायचा. सरांच्याही यायचा. तीस वर्षं शिकवून झाल्यावरसुद्धा.

माणसांनाही ते सोडत नसत. परतवाड्याला त्यांच्या नात्यातलं एक लग्न होतं, मलाही नेलं होतं. सर रिकामी ताटली घेऊन जेवणाच्या टेबलाशी उभे राहिले आणि रांगेतल्या माणसांची नजर आधी कशावर जाते ते टिपू लागले. एका बाईंना ते वाढपी वाटले. "ओ काका, जिलबी संपली इथली." सर आत गेले, जिलबीचं पातेलं घेऊन आले, आणि त्या बाईंची नजर मठ्ठ्यावर गेल्याचंही टिपलं. स्वतः जेवायचे मात्र राहिले.

घरी ते टेबलावर कधी जेवत नसत. मास्तरिणीच्या खुंट्याजवळ एक दगड होता, त्यावर भाकर घेऊन बसायचे. एक तुकडा तिला, एक स्वतःला. आग्रह त्यांना अजिबात खपत नसे. कुणी वाढायला वाकलं की ताटावर हात आडवा धरायचे.

नांदगाव खंडेश्वर तालुक्यात माझी बदली झाल्यानंतरची गोष्ट. भाजीपाला पिकवणाऱ्या एका काकूंची म्हैस तापातून उठली होती. आमच्या डॉक्टरांनी दोनदा तपासली. ताप गेला होता, पोट हलत होतं, शेण बरोबर होतं. पण पाच दिवस ती खात नव्हती. काकू तिच्या तोंडाशी गवताची पेंढी धरून बसायच्या. "खाय वं माय, एक घास खाय." शेजाऱ्यांनी हिरवा मका, भिजवलेली ढेप, गुळाचं पाणी असं सगळं आणून तिच्या नाकाखाली मांडलं होतं. पहिले दोन दिवस मीही त्यात भर घातली. मग सरांना फोन केला.

सर एसटीनं आले. कापडी पिशवीत चुन्याचा डबा आणि गुळाचा खडा. काकूंनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "हे डॉक्टर होत का भगत? चुना कायले आनला?"

सरांना ऐकू गेलं. "भगत असतो तर कोंबडा मांगतला असता."

त्यांनी म्हशीच्या जिभेवर गूळ चोळला आणि वाट पाहिली. थोड्या वेळानं जीभ बाहेर आली, नाकावरून दोनदा फिरली. "पाह्यलं का सुपरवायझर? आवड जागेवर आहे. ओढ गेली." मग उठून त्यांनी म्हशीपुढचं सगळं उचलायला सांगितलं.

काकूंना रडू आलं. "उपाशी मारता का तिले?"

"पाच दिवसापासून तुमी तिच्या नाकाशी आनून राहिले, काकू. तिले जायले जागाच नाई ठेवली." मग डॉक्टरांकडे वळून म्हणाले, "सलाईन तुमची चालू ठेवा. मी हमी देत नाई."

म्हशीचं दावं सोडलं. दहा पावलांवर बाकीच्या जनावरांना चारा टाकला, तिला दिसेल, ऐकू येईल असा. तीन पावलांवर चुन्याची रेघ आणि रेघेवर मूठभर हिरवा मका. सर पोतं अंथरून अंगणात बसले. दिवस मावळेपर्यंत म्हैस हलली नाही. काकूंनी चहाचा आग्रह केला, तेव्हा सर म्हणाले, "आनू नका. तिकडं ओट्यावर ठेवा, मी येतो." आणि उठून गेले, प्यायले, परत आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाकीची जनावरं कचाकच खात असताना म्हशीनं मान वळवली. एक पाय उचलला, टेकला, दुसरा अर्ध्यात थांबला. सरांनी वहीत लिहिलं : दीड.

"दीड पावलानं काय होते?" काकू म्हणाल्या.

"सुरू होते," सर म्हणाले.

दुपारी तिनं रेघेवरचा मका खाल्ला. काकूंनी सरांच्या पाया पडायला वाकावं, तर सर पाठमोरे होऊन पावलं मोजत होते.

परवा येते म्हटल्याप्रमाणे मी अकोल्याला गेले. पिशवीत चुना, पत्र्याचा डबा, ज्वारीचं पीठ आणि डायऱ्या.

सर खिडकीजवळच्या खुर्चीत होते. हात थरथरत होते, पण मला त्याचा धक्का बसला नाही; कंपवातात मेंदूतल्या त्याच डोपामिनच्या पेशी झिजतात, हे मला माहीत होतं. धक्का बसला तो डोळ्यांचा. मी समोर आले तरी त्यांनी "आली काहून?" असं विचारलं नाही.

त्यांच्या मुलीनं कष्टानं सगळं जवळ आणून ठेवलं होतं. खुर्चीला लागून टेबल, टेबलावर फळं, पेज, चमचा, पाण्याच्या ग्लासात स्ट्रॉ. मला नांदगावचं ते अंगण आठवलं. सरांच्या डॉक्टरांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, औषधं आणि पाणी चुकवू नका, चालतील तेवढं चालू द्या, पण कुणीतरी शेजारी राहा. मग मी टेबल हलवलं. स्वयंपाकघरात ठेचा कुटला, भाकरी भाजल्या, वास घरभर गेला. ताट तीन पावलांवर ठेवलं. सरांनी पाहिलं नाही. त्या दिवशी त्यांच्या पोटात दोन कप दूध गेलं, तेही मुलीनं डोळ्यांत पाणी आणून पाजलं म्हणून.

"ताई, ते म्हैस नाहीत," ती मला म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, पण तिला राग आला होता आणि तो रास्त होता. वजनाला पाच दिवस उरले होते.

संध्याकाळी मी मागच्या खोलीत बसून जुनी डायरी उघडली. भाडेकरू असताना एकदा गंमत म्हणून मी महिनाभर सरांचीच नोंद ठेवली होती. अंगणातल्या खुर्चीतून ते कशासाठी किती पावलं उठतात. शिरा : शून्य, आणून दिल्यावर खाल्ला. पातोडीची भाजी : तीन. कोपऱ्यावरच्या गाडीवर गिला वडा तळत होते : फाटकापर्यंत, सहा. ही डायरी तेव्हा सरांच्या हाती लागली. मला वाटलं, आता खोली सोडावी लागणार. सरांनी उभ्याउभ्या सगळं वाचलं आणि म्हणाले, "गिल्या वड्याचे सहा नाई, सात आहेत. दारातलं पाऊल तू सोडलं." आणि खाली सही केली.

सगळ्यांत मोठा आकडा कशापुढे होता ते मी आत्तापर्यंत नीट पाहिलंच नव्हतं. अकरा. हातातला गरम चहा सोडून, पूर्ण अंगण ओलांडून, महिन्यात सव्वीस वेळा. त्यापुढे लिहिलं होतं : मी डबा वाजवला की मास्तरीण उठते का ते बघायला.

मास्तरीण कधीच गेली होती. तिच्यानंतरच्या बकऱ्या सर एकदा पडले तेव्हा देऊन टाकल्या. मी पहिल्या नेमणुकीच्या गावातल्या ओळखीच्या घरी फोन केला, आणि सकाळी एक बकरी ऑटोत घालून आणली. ऑटोवाला म्हणाला, "बाई, तुमी मांगं बसता का ही?" आम्ही दोघी मागेच बसलो.

अंगणात आता फरशी आहे, पण सरांचा जेवायचा दगड तिथेच आहे; बकरी मी त्याच्याजवळ बसवली. मी फरशीवर पावलागणिक चुन्याच्या रेघा ओढल्या, बकरीपासून थेट सरांच्या दारापर्यंत. सरांची खुर्ची दारात आणली. ते बघत होते की नव्हते, सांगता आलं नसतं. वाटीत हरभरा घालून मी तीन पावलांच्या रेघेवर ठेवली आणि डब्याचं झाकण दोनदा वाजवलं.

बकरी बसून राहिली. पुन्हा वाजवलं. तिनं तोंड फिरवलं.

"तिले तो आवाज माहीत नाई," सर म्हणाले.

त्यांची मुलगी स्वयंपाकघराच्या दारात होती, तिनं चौकट धरली. चार दिवसांत सर पहिल्यांदा बोलले होते. मी खरंच गोंधळले आणि नवशिक्याही करणार नाही ते केलं. वाटी उचलली आणि बकरीच्या नाकाखाली नेली.

"बयताड," सर म्हणाले. आवाज क्षीण होता, पण त्यात जुनी धार होती. "जवळ काहून नेतं? आधी हातावर दे. मंग आवाज कर. मंग लांब ठेव." आणि खुर्चीच्या हातांवर जोर देऊन ते उठले.

मुलगी धावत आली आणि शेजारी उभी राहिली. उंबऱ्यापाशी सरांचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे थांबले. या आजारात तसं होतं. शरीर पुढे झुकतं आणि पाय मागे राहतात. मला वाटलं, संपलं. मग त्यांनी खाली पाहिलं. समोर चुन्याची रेघ होती. त्यांनी पाय उचलला आणि रेघ ओलांडून टाकला. पुढची रेघ, दुसरा पाय. जमिनीवर अशा रेघा असल्या की या रुग्णांना पाऊल उचलायला मदत होते, हे डॉक्टरांनी मला नंतर सांगितलं. मला ते माहीत नव्हतं. मी त्या रेघा बकरीसाठी ओढल्या होत्या.

मी पावलं मोजत होते. सर दगडापर्यंत आले, बसले, आणि उजवा हात पुढे केला. मला क्षणभर कळलं नाही. मग आठवलं. मी आत जाऊन कालची भाकर आणली आणि त्या हातावर ठेवली. मुलीनं घास भरवायला हात उचलला होता, तो तिनं स्वतःच खाली घेतला.

सरांनी थरथरत्या बोटांनी तुकडा मोडून बकरीला दिला. तिनं हुंगला, घेतला. सर तिच्या जबड्याकडे पाहत राहिले. मग दुसरा तुकडा मोडला आणि स्वतःच्या तोंडात घातला. एक तिला, एक त्यांना. अर्धी भाकर झाली. कुणीही "अजून थोडी" म्हटलं नाही.

बकरी त्या घरी राहिली. वजनाच्या दिवशी काटा होता तिथेच होता, उतरला नव्हता. डॉक्टरांनी नळीचा विषय पुढे ढकलला. तो पुन्हा निघू शकतो, हे त्यांची मुलगी जाणते, मीही जाणते. सर आता रोज दगडापर्यंत जातात. काही दिवस उठत नाहीत.

त्या सकाळी भाकर संपल्यावर मी डायरीत तीन रकाने आखले आणि लिहिलं. पावलं : बारा. उठले का : हो. सरांनी हात पुढे केला आणि पेन मागितलं. आधी बारा खोडून तेरा केलं, उंबऱ्याचं पाऊल मी पुन्हा सोडलं होतं. मग तिसऱ्या रकान्यात लिहायला लागले. या आजारात अक्षर बारीक होत जातं, मुंगीएवढं. त्यांना पुष्कळ वेळ लागला. मला वाचायला चष्मा पुसून उजेडात जावं लागलं.

काहून : बकरी उठते का, ते पाहायले.